तापते, पण कुठे?

भोपाळच्या तुलसी नगरातून नागपूरला निघालेल्या जुन्या डिझेल गाडीला पाच परीक्षा द्याव्या लागतात. पहिली क्वार्टरच्या दारात, गार इंजिनाची. दुसरी न्यू मार्केट आणि बोर्ड ऑफिस चौकाच्या गर्दीत. तिसरी मंडीदीपपुढच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर. चौथी इटारसी ओलांडल्यानंतर बरेठा घाटात. पाचवी मुक्कामाला पोचल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, बॉनेट उघडताना. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. यातल्या नेमक्या कोणत्या परीक्षेत गाडी नापास होते हे मालकाला सांगता आलं, तर निम्मं निदान गॅरेजात जाण्याआधीच झालेलं असतं.

बहुतेकांना ते सांगता येत नाही. ‘गाडी गरम होते’ एवढं एकच वाक्य घेऊन ते मिस्त्रीसमोर उभे राहतात. मग ठरलेला क्रम सुरू होतो. आधी कूलंट बदला. मग वॉल्व, म्हणजे थर्मोस्टॅट, काढून टाका. मग रेडिएटर साफ करा. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नवी टाका. एवढं करून काटा वर जातच राहिला, की हेड खोला. प्रत्येक पायरीवर पैसे जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. तापणं हे लक्षण आहे. आजाराचं नाव कळायला ते कुठे, कधी आणि कशानंतर दिसतं हे विचारावं लागतं.

क्वार्टर, झाडं आणि जुन्या गाड्या

तुलसी नगर ही सरकारी क्वार्टर्सची वस्ती. शेजारी शिवाजी नगर, पलीकडे टीटी नगर, म्हणजे तात्या टोपे नगर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ राजधानी झाली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्या राज्याच्या कारभारासाठी नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर अशा ठिकाणांहून कर्मचारी इथे आले आणि त्यांच्याबरोबर मराठी घरंही आली. दिवाळीला, लग्नाला, उन्हाळी सुट्टीला नागपूरकडे जाणं या घरांना नवं नाही. वाटेत बैतूल, मुलताई आणि पांढुर्णा लागतं. मुलताईला तापीचा उगम आहे आणि पांढुर्ण्याच्या बाजारात मराठी सर्रास कानावर पडते.

ही वस्ती दाट सावलीची आहे. जून २०२४मध्ये आमदार-मंत्र्यांच्या नव्या निवासस्थानांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगरातली हजारो झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवासी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. या झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये एके काळी सरकारी जीपा असत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द झाली आणि त्या जीपा रस्त्यावरून नाहीशा झाल्या. खासगी जुन्या डिझेल गाड्या मात्र फिटनेस तपासणी करून अजून चालतात. टाटा सुमो, महिंद्राची बोलेरो, कुठे एखादी एमएम ५४०, कुठे टेम्पो ट्रॅक्स.

यांतल्या बऱ्याच इंजिनांची मुळं महाराष्ट्रात आहेत. सुमो १९९४मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पुण्याच्या कारखान्यातून आली. तिच्या नावातली अक्षरं टेल्कोचे एके काळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातून घेतल्याचं सांगितलं जातं. तिचं उत्पादन २०१९मध्ये थांबलं. महिंद्राने १९७९मध्ये प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीत, म्हणजे कसारा घाटाच्या माथ्यावर, ती इंजिनं तयार होऊ लागली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरसाठी मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं इंजिन वापरलं.

या तिन्ही घराण्यांच्या जुन्या इंजिनांत एक गोष्ट समान आहे. डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये शिरते. त्यामुळे आवाज कमी होतो, पण कोठडीच्या भिंतींतून जास्त उष्णता पाण्यात जाते. नंतरच्या थेट फवारणीच्या इंजिनांपेक्षा या गाड्यांचा रेडिएटर म्हणूनच जास्त राबतो. जुन्या सुमोचा काटा चढला तर तिच्या जन्मजात स्वभावाचा विचार आधी करावा लागतो.

उष्णतेचा हिशोब

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. ताशी साठच्या वेगाने जाणारी आणि लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी तासाला पाच लिटर जाळते, म्हणजे सुमारे ५० किलोवॅट. ढोबळमानाने त्यातला एक तृतीयांश चाकांना मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला पाण्यात उतरतो. हे साधारण १५ किलोवॅट झाले. घरातले दोन किलोवॅटचे सात-आठ गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत, एवढी उष्णता बॉनेटखालच्या आठ-दहा लिटर पाण्याला सतत वाहून न्यावी लागते.

ती वाहून न्यायला पंपाला मिनिटाला पस्तीसेक लिटर पाणी फिरवावं लागतं. म्हणजे तेच पाणी मिनिटाला तीन-चार वेळा इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फेरी मारतं. या साखळीत सहा कड्या आहेत: पुरेसं पाणी, दाब धरणारं झाकण, पाणी ढकलणारा पंप, वाट उघडणारा थर्मोस्टॅट, उष्णता सोडणारा रेडिएटर आणि हवा ओढणारा पंखा. यातली एक कडी ढिली पडली की काटा चढतो. सातवी शक्यता अशी की साखळी ठीक आहे, पण इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करतंय.

ऋतूचा हिशोब वेगळा आहे आणि तो फसवतो. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर रेडिएटर चालतो. जानेवारीच्या सकाळी हवा बारा अंश आणि पाणी नव्वद, तर फरक ७८ अंशांचा. मेच्या दुपारी हवा ४३ अंश असली, की फरक ४७ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या साठ टक्केच काम करतो. आतून निम्म्याहून थोडा कमी बुजलेला रेडिएटर दिवाळीपासून होळीपर्यंत कुरकुर न करता चालतो आणि अक्षय्य तृतीयेला रस्त्यात बसतो. मालक म्हणतो, परवापर्यंत तर चांगली होती. ती तेव्हाही चांगली नव्हती, थंडीने दोष झाकला होता.

पहिली परीक्षा: गार इंजिन

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं. ही तपासणी फुकट असते आणि सगळ्यांत जास्त सांगते. पाणी काठोकाठ आहे का, ते पहिलं. दुसरं, पाण्याचा रंग. तांबूस गढूळ पाणी म्हणजे आत गंज. वर तेलाचा तवंग असेल तर मामला गंभीर. तिसरं, झाकणाची रबरी चकती. ती कडक, तडकलेली किंवा खाचा पडलेली असेल, तर बाकी काही बघण्याआधी झाकण बदलावं.

झाकणाला लोक बूच समजतात. ती खरं तर दाबाची झडप आहे. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. ०.९ बार दाबाखाली साधं पाणी सुमारे ११८ अंशांना उकळतं. झडप दाब धरत नसेल, तर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरच्या भोपाळमध्ये ते ९८ अंशांनाच उकळायला लागतं. इंजिन नीट असताना केवळ झाकणामुळे पाणी बाहेर फेकलं जातं आणि हेड खोलण्याच्या गप्पा सुरू होतात. झाकणात दुसरी, उलट्या दिशेने उघडणारी छोटी झडप असते. इंजिन गार होताना ती बाजूच्या बाटलीतलं पाणी परत ओढून घेते. ती अडकली की सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो.

आता गाडी चालू करायची आणि वरच्या होजवर हात ठेवायचा. पहिल्या मिनिटातच, पाणी अजून कोमटही झालेलं नसताना तो फुगून कडक झाला, तर तो दाब पाण्याच्या वाफेचा असूच शकत नाही. सिलिंडरमधला वायू हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या जोडातून, पाण्यात शिरतोय. उघड्या झाकणातून सतत बुडबुडे येत राहिले तरी अर्थ तोच. नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेली हवाही काही वेळ बुडबुडे देते, पण ती थोड्या वेळात संपते. गॅस्केटचे बुडबुडे रेस वाढवली की वाढतात.

दुसरी परीक्षा: गर्दी

न्यू मार्केटच्या रांगेत किंवा बोर्ड ऑफिस चौकातल्या सिग्नलला काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो. ही तक्रार ऐकली की बोट पंख्याकडे दाखवावं. गाडी पळत असताना हवा आपोआप रेडिएटरमधून जाते. उभ्या गाडीला ती पंख्यानेच ओढावी लागते.

डिझेलच्या बाबतीत ही खूण आणखी बोलकी आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. डिझेल इंजिन आयडलला भरपूर हवा घेतं आणि अगदी थेंबभर डिझेल जाळतं, त्यामुळे उभ्या-उभ्या ते फार कमी उष्णता करतं. एवढ्या कमी उष्णतेलाही ते तापत असेल, तर हवा जवळपास बंद आहे किंवा पाणी फिरतच नाही.

पंख्याचा पट्टा ढिला किंवा काचेसारखा गुळगुळीत झालाय का, ते पाहावं. सिलिकॉन तेलाच्या कपलिंगवर फिरणारा पंखा असेल, तर गरम इंजिन बंद करून तो हाताने फिरवून बघावा. तो अडत, जडपणे फिरायला हवा. भिंगरीसारखा फिरत राहिला तर कपलिंगमधलं तेल गेलं. मग पंख्याभोवतीचं कवच बघावं. एखाद्या दुरुस्तीत ते काढलं जातं आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणून परत बसवलं जात नाही. फरक पडतो. कवच नसेल तर पंखा रेडिएटरच्या कडांमधून हवा ओढत नाही, तीच गरम हवा गोल गोल फिरवतो.

नंतर बसवलेला एसी हा या गर्दीतला आणखी एक संशयित. त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे असते आणि दोघांमधल्या फटीत झाडांची पानं, किडे, मार्च-एप्रिलमधल्या गव्हाच्या मळणीचा भुसा साचत जातो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मध्ये मात्र गादी झालेली असते. ती मागून पुढे, पाण्याच्या हलक्या धारेने काढावी. प्रेशर पंपाची जोराची धार मारली तर नाजूक पाती आडवी होतात आणि दोष कायमचा होतो.

तिसरी परीक्षा: सरळ रस्ता

मंडीदीप मागे पडलं, ओबेदुल्लागंज आलं. उजव्या हाताला भीमबेटकाचे डोंगर दिसतात. तिथले चित्रित शैलाश्रय पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७-५८मध्ये जगापुढे आणले. इथे गाडी सत्तर-ऐंशीला लागते. शहरात शांत असलेला काटा इथे चढायला लागला, तर पंखा निर्दोष. हवा भरपूर आहे. आता संशय पाण्याच्या वाटेवर.

सगळ्यांत मोठा संशयित आतून बुजलेला रेडिएटर. वर्षानुवर्षं बोअरचं कठीण पाणी ओतलं की नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत क्षारांचा थर बसतो. हा थर उष्णता वाहून नेण्यात बिडाच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याइतकाच. म्हणजे एक मिलिमीटर खवला आला, तर पाणी आणि सिलिंडर यांच्यात वीस मिलिमीटर जाडीची जास्तीची बिडाची भिंत उभी राहिल्यासारखं होतं. साधं पाणी ओतण्याची ही सवय आली कुठून, याबद्दल माझा एक अंदाज आहे. आपल्याकडच्या पिढ्यांनी इंजिन पहिल्यांदा पाहिलं ते विहिरीवर. १९४६मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सच्या यंत्रांनी गावोगावी पाणी उपसलं. तिथे विहिरीचं ताजं पाणी इंजिनातून वाहत राहायचं आणि कमी पडलं तर ओतायचं. मोटारीत तेच आठ-दहा लिटर पाणी वर्षभर कोंडलेलं असतं, त्यामुळे त्यात काय आहे याला महत्त्व येतं. डिस्टिल्ड पाणी आणि निम्मं कूलंट हे थंड प्रदेशासाठीच असतं असं नाही. कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं. एक सावधगिरी: एथिलिन ग्लायकॉलचं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. गळालेलं थारोळं कुत्र्या-मांजरांच्या, मुलांच्या वाटेत ठेवू नये.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता साध्या गॅरेजातही दिसतो. गरम रेडिएटरवर तो वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवला, की बुजलेल्या नळ्यांचे गार पट्टे सापडतात. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो, म्हणून काळ्या पात्यांवरच धरावा. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल, तर रेडिएटरवाला झाळ काढून टाकी सोडवतो आणि नळ्यांतून सळी फिरवून त्या साफ करतो. प्लास्टिक टाकीच्या अॅल्युमिनियम रेडिएटरला हा उपाय चालत नाही.

याच टप्प्यावर खालचा होजही बघावा. पंप याच होजमधून पाणी ओढतो. आतली स्प्रिंग गंजून गेली किंवा रबर मऊ पडलं, की जास्त रेसवर तो आतल्या आत चपटा होतो. गाडी थांबवून आयडलला बघितलं तर अगदी ठीक दिसतो. दोघांनी मिळून बघायचं: एकाने रेस वाढवायची, दुसऱ्याने होजकडे लक्ष द्यायचं. वॉटर बॉडीचं तसंच. तिच्या पोटाखालच्या छोट्या भोकातून पाणी गळत असेल तर आतलं सील गेलं. गळत नसली तरी आतली पाती गंजून बारीक झालेली असू शकतात, आणि हे ती काढल्याशिवाय कळत नाही.

चौथी परीक्षा: बरेठा घाट

नर्मदा ओलांडली, इटारसी गेलं, केसला, भौंरा मागे पडलं आणि सातपुड्यात बरेठा घाट लागतो. सव्वादोन टनांची भरलेली सुमो सहा टक्के चढावर ताशी चाळीसने चढवायची, तर केवळ वजन वर उचलायला सुमारे १५ किलोवॅट लागतात. इंजिनाचं काम जवळपास दुप्पट होतं आणि समोरून येणारी हवा निम्म्यावर येते. मागे ट्रक, पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. पूर्वी खंडाळा किंवा कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र नवं नाही.

सगळं ठीक असलेल्या जुन्या गाडीचा काटाही घाटात थोडा चढतो आणि उतारावर पटकन परत येतो. तो आजार नव्हे. प्रश्न असतो तो लाल पट्ट्यापर्यंत जाणाऱ्या आणि उतारावरही न उतरणाऱ्या काट्याचा. फक्त घाटातच तापणाऱ्या गाडीत वरच्या सगळ्या कड्या थोड्याथोड्या कमजोर असू शकतात. पण इथे आणखी एक पान उघडावं लागतं: इंजिन जास्त उष्णता का करतंय?

डिझेल पंपाचं टायमिंग मागे पडलं असेल तर इंधन उशिरा पेटतं, पिस्टन खाली जात असताना जळत राहतं, ताकद कमी मिळते आणि उष्णता भिंतींत व सायलेन्सरमध्ये जाते. पिकअप यावा म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं असतं, हाही जुना आवडता उद्योग. घाटात मागून काळा धूर निघत असेल तर नोझल, एअर फिल्टर आणि पंप एका चांगल्या डिझेल पंपवाल्याकडे तपासावेत. गाडीचा भार नकळत वाढवणारेही असतात. अर्धवट पकडलेला ब्रेक असेल तर थांबल्यावर त्या एकाच चाकाजवळ जास्त उष्णता आणि जळका वास येतो. क्लच घसरत असेल तर रेस वाढते, वेग वाढत नाही.

घाटातला एक धोका काट्याशीच संबंधित आहे. पाणी बरंच उडून गेलं, की तापमानाचा सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि काटा खाली येतो. चालकाला वाटतं, गाडी सावरली. प्रत्यक्षात इंजिन कोरडं जळत असतं. अचानक उतरलेला काटा, बंद पडलेला हीटर आणि इंजिनाचा बदललेला, कोरडा आवाज एकत्र दिसले तर गाडी तिथेच थांबवावी. उलटही घडतं. अर्थची वायर सैल झाल्यामुळे काटा वर जातो आणि इंजिन अगदी गार असतं. लाइट लावल्यावर काटा उडी मारत असेल तर आधी वायरिंग बघावं.

पाचवी परीक्षा: दुसरा दिवस

बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सावनेर करत गाडी नागपूरला पोचली. रात्र गेली. सकाळी पूर्ण गार इंजिनाचं झाकण उघडताना फस्स करून दाब सुटला, तर ही खूण नीट लक्षात ठेवावी. वाफेचा दाब इंजिन गार झालं की उतरतो. रात्रभर टिकलेला दाब सिलिंडरमधून आलेल्या वायूचा असतो. त्याच्या जोडीला कुठेही गळती न दिसता कमी होणारं पाणी, सकाळी चालू करताना काही वेळ एक सिलिंडर न लागणं, पांढरा गोडसर वासाचा धूर किंवा डिपस्टिकवर दुधासारखं तेल यांतलं काही असेल, तर हेड गॅस्केटचं निदान पक्कं होत जातं.

कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या निळ्या द्रावाची चाचणी यासाठी असते. रेडिएटरच्या तोंडाशी त्या द्रावाचा रंग बदलला की जळका वायू पाण्यात येतोय. डिझेलमध्ये मात्र एक मेख आहे. आयडलला डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो, त्यामुळे ही चाचणी इंजिनावर भार असताना किंवा रेस ठेवून करावी. नाहीतर आजारी इंजिन निरोगी ठरतं.

हेड खोलायचीच वेळ आली, तर नुसतं गॅस्केट बदलून झाकणं म्हणजे पुढच्या घाटाला आमंत्रण. सरळपट्टी आणि फीलर गेजने हेडचा सपाटपणा मोजावा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका बाकही बऱ्याच इंजिनांना चालत नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने प्रसरतं, म्हणून अॅल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक अशी जोडी असेल तर तापल्यावर हेडच आधी वाकतं. लेथवर हेड फेस केल्यावर किती घासलं गेलं आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो यावर गॅस्केटची जाडी ठरते. अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केटं वेगवेगळ्या जाडीत मिळतात आणि त्यांच्या कडेला खाचा किंवा भोकांच्या खुणा असतात. ‘हेच मिळालं’ म्हणून कोणतंही बसवलं, तर कॉम्प्रेशन बदलतं किंवा पिस्टन हेडला लागतो. आणि गॅस्केट का उडालं याचं कारण शोधल्याशिवाय हेड बंद करू नये. बहुतेकदा ते कारण पहिल्या चार परीक्षांपैकी एकीत सापडतं.

वॉल्व काढून टाकायचा का?

भोपाळ असो की नागपूर, उन्हाळा आला की हा सल्ला मिळतोच. थर्मोस्टॅट बाहेर, कटकट बंद. मेणाच्या प्रसरणावर चालणारी ही छोटी झडप साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागते. ती बंद अवस्थेत अडकली तर इंजिन काही मिनिटांत तापतं आणि रेडिएटर मात्र गारच राहतो. ही खूण स्वच्छ असते. अशा वेळी झडप बदलायची.

काढून टाकल्याने दोन नुकसानं होतात. थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. दुसरं नुकसान उलट्या दिशेचं. ओएम ६१६ घराण्यासारख्या काही इंजिनांत थर्मोस्टॅटला दुहेरी तबकडी असते. एक रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी दुसरी आतल्या आत फिरणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायम उघडी. पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते. घरी तपासायचं असेल, तर जुन्या पातेल्यात पाणी ठेवून थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न लागता टांगावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि तो कधी उघडतो ते बघावं. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडला आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला, तर त्याला निर्दोष सोडावं.

रस्त्यात उकळली तर

काटा चढतोय पण पाणी अजून आत आहे, असं असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन थोडा वेळ आयडलला चालू ठेवावं. लगेच बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं आणि साठलेली उष्णता हेडमध्ये आणखी चढते. वाफ निघाली, पाणी सांडलं किंवा काटा अचानक पडला, तर मात्र ताबडतोब बंद. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये. दाबाखालचं शंभर अंशांवरचं पाणी झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. उघडताना जाड ओलं कापड, चेहरा बाजूला, आधी पहिल्या खाचेपर्यंत. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नये, त्याने बिडाला तडे जातात.

पाणी भरल्यावर हवा काढणंही भरण्याइतकंच महत्त्वाचं आहे. गाडीचं नाक चढाकडे करावं, हीटर उघडा ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा. आत अडकलेला हवेचा एक बुडबुडा नव्या वॉटर बॉडीलाही नापास ठरवू शकतो.

नव्या गाड्यांची कसोटी पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात लागते. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक जून २०२१मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. वेग, चढ, भार आणि तापमान वेगवेगळे करून मोजायचे, ही अशा तपासणीची मूळ रीत. पंचवीस वर्षांच्या सुमोला तिथे कोणी नेणार नाही, आणि तुलसी नगर ते नागपूर हा रस्ता असताना तशी गरजही नाही. एका छोट्या वहीत प्रत्येक टप्प्याला काटा कुठे होता, एसी चालू होता का, किती माणसं होती, पाणी किती घालावं लागलं, एवढं लिहिलं की पुरे.

मग मिस्त्रीकडे जाताना वाक्य बदलतं. ‘उस्ताद, गाडी सिग्नलला तापत नाही. ऐंशीला लागली की काटा चढतो, घाटात लालला जातो, उतारावर परत येतो. पाणी कमी होत नाही, सकाळी झाकणात दाब नसतो.’ हे ऐकणारा जाणता मिस्त्री पंखा आणि गॅस्केट सोडून थेट रेडिएटर आणि खालच्या होजकडे जाईल. आणि कुठे तापते, पाणी कमी होतं का, सकाळी दाब असतो का, धूर कोणता येतो, हे चार प्रश्न न विचारता जो पाना घेऊन हेड खोलायला निघेल, त्याच्या हातातून गाडीची किल्ली परत घ्यावी.